एक औषध, दोन निष्कर्ष



माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे. त्यामुळे वैद्यकीय विषयावर लिहिताना संकोच वाटतो. तथापि औषधाची चाचणी हा एका अर्थी हिशेबच असतो, आणि त्याचा एक मोलाचा धडा आपल्या महाडातच घडलेला आहे.

हृदयाच्या धमनीत चरबीचा थर साचल्याने छातीत दुखते, हे आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु काही रुग्णांत ती धमनी अचानक आकुंचन पावते, रक्तप्रवाह खुंटतो आणि कळ येते. ही कळ बहुधा श्रमाने नव्हे, तर विश्रांतीत, मध्यरात्रीनंतर वा पहाटे येते. अमेरिकेतील डॉ. मायरॉन प्रिन्झमेटल यांनी १९५९ साली या विकाराचे वर्णन केले. कळ ओसरल्यावर काढलेला ईसीजी अगदी सर्वसाधारण असू शकतो.

या विकारावरील औषधाची परीक्षा अवघड असते, कारण कळा कित्येकदा आपोआपही कमी होतात. म्हणून रुग्णाच्या संमतीने त्यास काही काळ औषध व काही काळ तशीच दिसणारी निरौषधी गोळी देतात. कोणती केव्हा दिली, हे रुग्णास अथवा तपासणाऱ्या डॉक्टरांस ठाऊक नसते. कळा किती आल्या, जिभेखाली ठेवावयाच्या गोळ्या किती लागल्या, चोवीस तासांच्या ईसीजीत काय दिसले, याची नोंद ठेवून शेवटी ताळेबंद मांडतात. निफेडिपिन, डिल्टियाझेम यांसारखी औषधे या कसोटीस उतरली.

प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध. ते आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. तर्काने पाहता ते या विकारातही उपयोगी पडावयास हवे होते. परंतु १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, मोजक्या रुग्णांवरील अशाच चाचणीत त्याचा लाभ आढळला नाही.

त्याच काळात महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर हेच औषध विंचूदंशावर वापरू लागले होते. लाल विंचवाच्या विषाने शरीरातील उत्तेजक संप्रेरके उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. पुढे हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी साठते. घामाने डबडबलेला, ओकाऱ्या होणारा, हातपाय गार पडलेला रुग्ण पाहता पाहता दगावत असे. येथे प्राझोसिनने प्राण वाचविले. बावस्कर दांपत्याचा याविषयीचा लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

यापुढील गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. स्वतः रुजविलेला उपचारही त्यांनी पुन्हा कसोटीला लावला. चिठ्ठी टाकावी त्याप्रमाणे ७० रुग्णांचे दोन गट केले. ३५ जणांना केवळ प्राझोसिन, तर ३५ जणांना त्यासोबत विंचूदंशावरील प्रतिविष दिले. दहा तासांनी पहिल्या गटातील ८, तर दुसऱ्या गटातील ३२ रुग्ण पूर्ण बरे झाले होते. हा अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री जाहीर झाली.

एकच औषध एका व्याधीत निरुपयोगी, तर दुसरीत जीवनदायी ठरले. केवळ तर्कावर विसंबलो असतो, तर दोन्हीकडे सारखेच उत्तर मिळाले असते. खरे उत्तर रुग्णाशेजारी बसून ठेवलेल्या नोंदींनी दिले.

रुग्णांच्या नातेवाइकांना विनंती, की पहाटे विश्रांतीत छातीत कळ आल्यास ती ‘वायू’ समजून उजाडण्याची वाट पाहू नये. कळ चालू असतानाच ईसीजी निघणे महत्त्वाचे असते. डॉक्टरांना न विचारता औषध बंद करू नये. धूम्रपान पूर्णपणे सोडावे. विंचू चावल्यास मंत्रतंत्रात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ दवाखान्यात आणावे. पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांवरून येणाऱ्यांनी तर मुळीच विलंब करू नये.

देणगीदार कधी विचारतात, रात्रपाळीच्या ईसीजीवर, औषधांच्या साठ्यावर आणि नोंदवह्यांवर एवढा खर्च कशासाठी? त्याचे उत्तर वरील इतिहासात आहे. इमारतीवर नाव कोरता येते, नोंदवहीवर येत नाही. परंतु उद्याच्या रुग्णाचा प्राण बहुधा त्या नोंदवहीनेच वाचतो.