मल्टिपल स्क्लेरोसिस : मेंदूचा क्षय आणि व्याधीची प्रगती

मल्टिपल स्क्लेरोसिसचा रुग्ण आपल्याकडे बहुधा व्याधीच्या शांत काळात येतो. अंधुक दृष्टी, बधिरता, पायांतील दौर्बल्य ही लक्षणे ओसरलेली असतात. 'आता इंजेक्शने बंद करू का?' असे तो विचारतो. उद्रेक थांबला म्हणजे व्याधी थांबला असे नव्हे, हे ध्यानात ठेवूनच उत्तर द्यावे, असे आम्हांस वाटते.

व्याधिस्वरूप : १८६८ मध्ये पॅरिसचे शार्को यांनी या व्याधीचे सविस्तर वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच चेतातंतूंवरील मायलिन आवरणावर आघात करते. शोथ ओसरताच लक्षणे कमी होतात. परंतु आवरण गमावलेले तंतू पुढेही नष्ट होत राहतात. त्यामुळे मेंदूचे आकारमान घटते.

क्षयाचे प्रमाण : निरोगी प्रौढांत ही घट वर्षाला सुमारे ०.१ ते ०.३ टक्के, तर उपचार न घेणाऱ्या रुग्णांत सुमारे ०.५ ते १.३५ टक्के असते. ती व्याधीच्या आरंभापासून सुरू होते. उर्वरित मेंदू काही काळ उणीव भरून काढतो, म्हणून ती बाहेरून दिसत नाही. पुढे चालण्यातील असमर्थता, स्मृतिमांद्य व विचारांतील मंदपणा यांच्याशी तिचा संबंध आढळतो.

मापनातील मर्यादा : शरीरातील जलांश घटल्यास किंवा स्टेरॉइड दिल्यास एम.आर.आय.मध्ये मेंदू तात्पुरता लहान दिसतो. शोथहर औषधे सुरू केल्यावर सूज उतरूनही पहिल्या वर्षी घट दिसते. म्हणून एकाच अहवालावरून निष्कर्ष काढू नये.

आयुर्वेदीय विचार : चरकाचार्यांनी वातप्रकोपाची धातुक्षय व मार्गावरण अशी दोन कारणे सांगितली आहेत. मज्जाक्षयाच्या अंगाने या व्याधीचा विचार करता येतो. तथापि हे साधर्म्य आहे, आपल्या औषधाने क्षय थांबतो याचा तो पुरावा नव्हे.

व्यवहारातील सूचना :

१) चालू औषधे मज्जाविकारतज्ज्ञांच्या संमतीविना बंद करू नयेत. नॅटॅलिझुमॅब, फिंगोलिमॉड यांसारखी औषधे थांबविल्यावर तीव्र उद्रेक होऊ शकतो.

२) रुग्ण किती अंतर चालतो, थकवा, स्मृती व मूत्रप्रवृत्ती यांची नोंद दर तीन महिन्यांनी ठेवावी. उद्रेकाविना झालेली घसरण त्यातूनच कळते.

३) उष्णतेने लक्षणे तात्पुरती वाढतात. म्हणून सर्वांग बाष्पस्वेद टाळावा आणि ही वाढ व्याधीची प्रगती समजू नये.

४) धूम्रपान सोडण्याचा आग्रह धरावा, त्याने व्याधी अधिक वेगाने वाढतो.

५) गुळवेल सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या रुग्णांची नोंद २०२१ मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाली. कारणाविषयी मतभेद असले, तरी या रुग्णांची काही औषधे यकृतावर भार टाकतात. म्हणून औषधविक्रेत्या बंधूंनी चालू औषधांची चौकशी केल्याविना गुळवेल देऊ नये.

बल टिकविणे, मलावरोध व स्नायूंचा ताठरपणा यांत दिलासा देणे हे आपले क्षेत्र आहे. ते सांभाळताना रुग्णाचे मूळ उपचार खंडित होऊ न देणे, हेही आपलेच कर्तव्य होय.