चर्च सांगेल त्यालाच मत?

प्रश्न : अमेरिकेतल्या निवडणुकीच्या बातम्यांत ‘कॅथलिक मतां’चा वेगळा हिशेब मांडलेला असतो. मत कुणाला द्यायचे हे या लोकांना पोप सांगतात का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. नाव सांगून टाकले असते तर तिथल्या कॅथलिकांची डोकेदुखी बरीच कमी झाली असती! त्यांच्या हाती पडते ती चर्चची सामाजिक शिकवण, आणि ती कुठल्याच पक्षाच्या जाहीरनाम्यात धड मावत नाही.

हे अगदी सुरुवातीपासूनचे आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या स्थितीवर एक पत्र काढले. काटकसरीने राहणाऱ्या मजुराचे भागेल एवढी मजुरी त्याला मिळालीच पाहिजे, त्याला संघटना करू द्यावी, असे त्यात होते. पण त्याच पत्रात समाजवाद साफ नाकारला होता आणि खासगी मालमत्तेची बाजू घेतली होती. पुढे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये पर्यावरणावर पत्र लिहिले आणि २०१८ मध्ये फाशीची शिक्षा मुळातच अमान्य ठरवली. गर्भपाताला विरोध तर पूर्वापार आहेच. अमेरिकी मतदाराने ही शिकवण घेऊन पक्ष शोधायचे म्हटले, तर गर्भपाताच्या मुद्द्यावर रिपब्लिकन जवळचे वाटतात. स्थलांतरित आणि हवामान म्हटले की डेमोक्रॅट.

ही कोंडी २००४ मध्ये चव्हाट्यावर आली. डेमोक्रॅटिक पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केरी स्वतः कॅथलिक, पण गर्भपाताचा हक्क कायद्याने राहावा या मताचे. काही बिशपांनी त्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र प्रसाद, नाकारण्याची भाषा केली. त्या वेळी कार्डिनल असलेले, पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झालेले योसेफ रात्सिंगर यांनी अमेरिकी बिशपांसाठी एक टिपण पाठवले. त्याच्या शेवटी एक बारीक भेद आहे. उमेदवार गर्भपाताच्या बाजूचा आहे म्हणूनच त्याला मत दिले, तर तो दोष. त्याचे ते मत पटत नसूनही इतर कारणांसाठी दिले, आणि ती कारणे तेवढीच वजनदार असली, तर चालू शकते. वजन किती, हे मात्र टिपणात नाही. ते ज्याचे त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारायचे. मला हा पळवाटीचा नव्हे, प्रामाणिकपणाचा भाग वाटतो. पण तराजू हाती देऊन वजने न देणाऱ्यावर मतदार वैतागले तर नवल नाही.

आणि निकाल? कॅथलिक केरींपेक्षा त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी, मेथडिस्ट पंथाचे जॉर्ज बुश यांनाच कॅथलिकांची थोडी जास्त मते पडली.

२०२४ मध्ये सिंगापूरहून परतताना विमानात पत्रकारांनी पोप फ्रान्सिस यांनाही, अमेरिकी कॅथलिकांनी मत कुणाला द्यावे, हेच विचारले. स्थलांतरितांना हाकलणारा एक उमेदवार आणि गर्भपाताचे समर्थन करणारी दुसरी, दोघेही जीवनाच्या विरोधात आहेत, असे ते म्हणाले. तरी मत द्या, त्यातल्या त्यात कमी वाईट निवडा; ते कोण, हे मी नाही सांगणार, असा त्यांचा सूर होता.

आपल्याकडे तर कायदाच आडवा येतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार धर्माच्या नावावर मत मागणे हा निवडणुकीतला भ्रष्टाचार ठरतो. मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये, चार विरुद्ध तीन अशा निकालाने, त्यात उमेदवाराबरोबर मतदाराचा धर्मही धरला. त्यामुळे वसईत एखाद्या फादरांनी उमेदवाराच्या संमतीने, ‘आपण ख्रिस्ती म्हणून याला मत द्या’ असे प्रवचनात सांगितले, तर निवडून आलेल्याची आमदारकीच जाऊ शकते.