फ्रेटवर्कचं चित्र फळीवर चिकटवताना



कार्यानुभवात मुलं प्लायवूडमधून मोर, गणपती कापतात. कापायला आठ-दहा दिवस जातात आणि बिघडतं ते शेवटी, फळीवर चिकटवताना. मग प्रदर्शनासाठी म्हणून ते काम आपणच करून टाकतो. तसं करू नका. पुढच्या क्रमाने मुलं ते स्वतः करू शकतात.

१. चित्राची मागची बाजू पॉलिशपेपरने घासा. करवतीमुळे तिथे कुसं उठतात. ती राहिली तर चित्र सपाट बसत नाही.

२. जागा मोजायला लावा. फळी ३० सेंमी रुंद, चित्र २२ सेंमी. मग दोन्ही बाजूंना किती सोडायचं? ३० − २२ = ८, त्याचे निम्मे ४ सेंमी. गणिताचा सराव इथेच होतो.

३. चित्र ठेवून पेन्सिलने बाहेरची रेघ मारा. फळीला ऑइलपेंट द्यायचा तर रेघेबाहेरच द्या. फेविकॉल कोऱ्या लाकडाला धरतो, ऑइलपेंटला नीट धरत नाही.

४. रंग वाळल्यावर टूथपिकने फेविकॉलचे बारीक थेंब लावा, कडेपासून थोडे आत. मोराच्या तुऱ्याला अगदी कमी. बाहेर आलेला लगेच ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या डागावर पॉलिश चढत नाही.

५. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर जाड पुस्तकं. रात्रभर हलवू नका.

थोडं तिरकं बसलं तरी चालेल. फळीमागे नाव मुलाचं लिहायचं, तर शेवटचा हातही त्याचाच लागू दे.