घर कारखान्याचं, पाया तुमचा: अमेरिकेत इन्स्टॉलरचा परवाना कसा काढावा, कसा टिकवावा

अमेरिकेत ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’ म्हणून विकलं जाणारं घर कारखान्यात पुरतं तयार होतं. पोलादी चासीवर, चाकं लावून ते ट्रकमागून प्लॉटवर येतं. या घरांसाठी १९७४ साली संघराज्याचा कायदा झाला आणि त्याखालची मानकं १५ जून १९७६ पासून लागू झाली. अंमलबजावणी गृहनिर्माण आणि नागरी विकास खात्याकडे आहे. धंद्यातली माणसं या खात्याला नुसतं ‘हड’ म्हणतात.

कारखान्यात घराची तपासणी होते, पण प्लॉटवरची माती, थंडी, वारा आणि उतार कारखान्याला कुठून ठाऊक असणार? घर चांगलं असूनही पाया खचला की दारं अडकतात, भिंतींना तडे जातात, छताचा सांधा उघडतो. म्हणून २०००च्या सुधारणा कायद्याने घर बसवण्याची मानकं, बसवणाऱ्याचं, म्हणजे इन्स्टॉलरचं, प्रशिक्षण व परवाना आणि जागेवरची तपासणी या तिन्ही गोष्टी आणल्या. सिव्हिलची पदविका घेऊन किंवा साइट सुपरवायझर म्हणून तिकडे गेलेल्या मराठी मंडळींना हा धंदा जवळचा वाटू शकतो. त्यांच्यासाठी ही कृती.

१. आधी राज्य पाहा

परवाना कोण देतं हे राज्यावर अवलंबून आहे. बऱ्याच राज्यांचा स्वतःचा कार्यक्रम आहे. टेक्सासात गृहनिर्माण आणि समाजविकास खातं परवाना देतं. कॅलिफोर्नियात कंत्राटदार मंडळाचा सी-४७ वर्गाचा परवाना लागतो. फ्लोरिडात हे काम महामार्ग सुरक्षा आणि मोटार वाहन खात्याकडे आहे, म्हणजे आपल्याकडच्या आरटीओच्या भावंडाकडे. घर चाकांवर येतं, म्हणून ते त्या खात्याच्या कक्षेत!

ज्या राज्यांनी स्वतःचा मान्य कार्यक्रम उभा केलेला नाही, तिथे हड स्वतः परवाना देतं. पुढचे आकडे हडच्या परवान्याचे आहेत. राज्याचा कार्यक्रम असेल तर त्यांचे तास, फी आणि मुदत त्यांच्याकडूनच लेखी घ्या. ‘शेजारच्या राज्यात असंच होतं’ हे इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. साइटवरच्या प्रत्येक माणसाला परवाना लागत नाही. परवानाधारकाने देखरेख करायची आणि काम नियमाप्रमाणे झाल्याचं स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं. त्यामुळे तुमच्या सहाय्यकाने पाचर ढिली ठोकली तरी जाब तुम्हालाच विचारला जाईल.

२. अनुभवाचे तास जमवा

पुढीलपैकी एक अट पुरी हवी:

- मॅन्युफॅक्चर्ड घरं बसवण्याचा १८०० तासांचा अनुभव
- अशी घरं बांधण्याच्या कामाचा ३६०० तासांचा अनुभव
- इमारत बांधकामावर सुपरवायझर म्हणून ३६०० तास
- अशा घरांच्या बसवणीचा निरीक्षक म्हणून १८०० तास
- बांधकामाशी संबंधित महाविद्यालयीन अभ्यासक्रमाचं एक वर्ष पूर्ण
- किंवा वरच्यांचा मेळ घालून एकूण ३६०० तास

आठवड्याला ४० तास धरले तर १८०० तास म्हणजे ४५ आठवडे, आणि ३६०० म्हणजे ९०. हिशेब सोपा आहे, घोडं अडतं ते पुराव्यावर. कंपनी बंद पडते, मुकादम गाव सोडतो आणि मग तुमच्या तासांना साक्षीदार उरत नाही. म्हणून नोकरी सोडतानाच लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात काम काय केलं, कधीपासून कधीपर्यंत आणि अंदाजे किती तास, हे तिन्ही असू द्या. ‘मेहनती आणि प्रामाणिक’ अशी शिफारस इथे उपयोगाची नाही. पदविका भारतातली असेल तर ती कशी धरली जाईल हे अर्जाआधी विचारून घ्या आणि गुणपत्रिकेची इंग्रजी प्रत तयार ठेवा.

३. बारा तासांचं प्रशिक्षण घ्या

पहिल्या परवान्यासाठी १२ तासांचं प्रशिक्षण लागतं. त्यातले निदान ४ तास संघराज्याची बसवणीची मानकं आणि परवान्याचा कार्यक्रम यांवर हवेत. प्रशिक्षक हडकडे नोंदलेला आहे ना, हे पैसे भरण्याआधी पाहा. नोंद नसलेल्या माणसाकडे कितीही चांगलं शिकलात, तरी ते तास मोजले जाणार नाहीत. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर तुमचं नाव अर्जात लिहिणार तसंच, स्पेलिंगसकट, छापून घ्या. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशा आपल्या मांडणीत इथे हमखास गोंधळ होतो. पासपोर्ट, विमा आणि प्रमाणपत्र यांवर नाव एकच ठेवा.

४. परीक्षा द्या

परीक्षेत किमान ७० टक्के गुण हवेत. नुसत्या हातच्या अनुभवावर जाऊ नका. जुने जाणते मिस्त्री इथेच अडकतात, कारण वर्षानुवर्षं हाताने बरोबर केलेल्या कामाचा आकडा त्यांना तोंडपाठ नसतो. हे आकडे पाठच करा:

- घराभोवती पहिल्या १० फुटांत, दर फुटाला निदान अर्धा इंच उतार बाहेरच्या बाजूला.
- चासीच्या मुख्य बीमच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत निदान १२ इंच मोकळी जागा.
- स्कर्टिंगने, म्हणजे घराच्या तळाभोवतीच्या आडोशाने, घराखालची जागा बंद करणार असाल तर जमिनीवर ओल अडवणारा ६ मिलचा पॉलिथिन कागद, सांध्यावर १२ इंच चढवून.
- मातीची परीक्षा किंवा दुसरी माहिती नसेल तर मातीची ताकद चौरस फुटाला १५०० पौंड धरायची.
- ३६ इंचांपेक्षा कमी उंचीचा ब्लॉकचा पिअर (घराखालचा आधारखांब) एकेरी चालतो. ३६ ते ६७ इंचांपर्यंत दुहेरी, आडवेउभे गुंफलेले ब्लॉक. त्याहून उंच असेल तर अभियंत्याचं डिझाइन.

५. विमा किंवा जामीनरोखा काढा

बसवताना तुमच्या हातून घराचं किंवा त्याच्या आधारांचं नुकसान झालं, तर दुरुस्तीचा खर्च, वेळ पडली तर नवं घर देण्यापर्यंतचा, भरून निघेल एवढा विमा किंवा शुअरिटी बाँड हवा. एजंटला ‘कंत्राटदाराचा नेहमीचा विमा द्या’ एवढंच सांगितलंत, तर जॅकवर उचललेलं घर पडण्याचं कलम त्यातून वगळलेलं निघू शकतं. हा प्रश्न तोंडावर विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. विमा बदलला किंवा रद्द झाला तर हडला कळवण्याची जबाबदारी तुमची आहे, एजंटची नाही.

६. अर्ज भरा

अर्जासोबत अनुभवाचे पुरावे, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, परीक्षेचा निकाल आणि विम्याचा कागद जोडा. इतर कुठल्या राज्यांचे परवाने आहेत, पूर्वी एखादा नाकारला, स्थगित किंवा रद्द झाला होता का, तेही सांगा. जुनी गोष्ट लपवून नंतर उघडकीस येण्यापेक्षा एका परिच्छेदात खुलासा देणं केव्हाही स्वस्त. मिळालेला परवाना दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, म्हणून धंदा विकलात तरी तो विकत घेणाऱ्याला देता येणार नाही. मुदत ३ वर्षांची.

७. पहिल्या साइटवर आधी दोन कागद पाहा

घर आलं की जॅक लावण्याच्या आधी त्याच्या आत जा. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आत, विजेच्या पॅनेलजवळ किंवा बेडरूमच्या कपाटात चिकटवलेला कागद सापडेल. ही डेटा प्लेट. घर कोणत्या वाऱ्याच्या विभागासाठी आहे, छप्पर किती बर्फ पेलेल आणि थंडीच्या कोणत्या पट्ट्यासाठी बनलंय, हे नकाशांसह तिच्यावर छापलेलं असतं. बाहेर प्रत्येक भागावर हडची लाल पत्र्याची पट्टी ठोकलेली असते. तिचा क्रमांक टिपून ठेवा. वाऱ्याच्या पहिल्या विभागासाठीचं घर किनाऱ्यालगतच्या तिसऱ्या विभागात बसवायला कुणी सांगितलं तर काम तिथेच थांबवा. घर जमिनीला जखडणाऱ्या पट्ट्या कितीही ताणल्या, तरी ते घर तिथलं होत नाही.

दुसरा कागद म्हणजे कारखान्याचं बसवणीचं पुस्तक. पिअर किती अंतरावर, दारं-खिडक्यांच्या मोठ्या उघड्या भागांखाली कुठे आधार, जमिनीत रोवायचे अँकर किती, हे त्यात घरागणिक दिलेलं असतं. तुमच्या जागेची अडचण त्यात बसत नसेल तर मनाने तोडगा काढू नका. परवानाधारक अभियंत्याचं किंवा वास्तुविशारदाचं डिझाइन घ्या आणि त्याला कारखान्याची व डिझाइन मंजूर करणाऱ्या संस्थेची संमती मिळवा.

आता पिअर. ब्लॉकची भोकं उभी ठेवून रचा. वर टोपी ठेवा, भरीव काँक्रीटची असेल तर ४ इंचांची. टोपी आणि चासी यांच्यातली फट समोरासमोरच्या जोडपाचरींनी भरा, घट्ट ठोकून. एकच पाचर ठोकली की बीम एका कडेवर टेकतो आणि हिवाळ्याचे दोन हंगाम गेले की फरशीवर ठेवलेली गोटी घरंगळायला लागते. थंड राज्यांत फुटिंग गोठणरेषेच्या खाली न्या, नाहीतर गोठलेली माती फुगून पिअरसकट घर उचलते. दुहेरी घरात दोन भागांच्या सांध्याखालचे पिअर सगळ्यात जास्त भार घेतात, तेव्हा तिथली लेव्हल दोनदा पाहा.

८. तपासणी करून घ्या आणि ३०९ भरा

काम झाल्यावर तपासणी लागते. निरीक्षक तुमच्याशी संबंध नसलेला हवा. स्थानिक बांधकाम खात्याचा माणूस, नोंदणीकृत अभियंता किंवा वास्तुविशारद असे पर्याय असतात. जागेची निवड आणि निचरा, पाया, अँकर, नळ, गॅस, वीज, हवेच्या नळ्या, सांध्याची बंदिस्ती, स्कर्टिंग आणि शेवटी सगळं चालू करून पाहणं, या क्रमाने तो फिरतो. स्कर्टिंग लावण्याआधी खालचे फोटो काढा, कारण नंतर पिअर दिसत नाहीत आणि वाद मात्र दिसायला लागतो.

पास झाल्यावर हड-३०९ हा बसवणीच्या प्रमाणीकरणाचा फॉर्म भरून सही करा. त्याची प्रत, करार, निरीक्षकाचे नकार असतील तर तेही, आणि वेगळं डिझाइन वापरलं असेल तर तो नकाशा, हे सगळं निदान ३ वर्षं जपा. प्रत्येक घराचं एक पाकीट आणि वर लाल पट्टीचा क्रमांक, एवढी शिस्त पुरते.

९. नूतनीकरण

दर ३ वर्षांनी नूतनीकरण. त्या ३ वर्षांच्या आत ८ तासांचं पुढचं प्रशिक्षण झालेलं हवं, आणि हडने एखादा विषय सक्तीचा केला असेल तर तोही त्यातच धरावा लागतो. आठ तास म्हणजे एक दिवस, पण घरं बसवण्याचा मोसम आणि प्रशिक्षणाचा वर्ग एकाच महिन्यात आले की तो दिवस काही केल्या सापडत नाही. म्हणून वेळापत्रक आत्ताच लावा:

- पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात ४ तास
- दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात उरलेले ४ तास
- तिसऱ्या वर्षी विमा चालू आहे का, पत्ता तोच आहे का, प्रमाणपत्रांवरचं नाव जुळतं का, याची पडताळणी
- मुदत संपण्याआधी निदान दोन महिने अर्ज

मुदत उलटून गेली तर हातातलं काम थांबवावं लागतं, आणि अर्धवट बसवलेल्या घराचा मालक तुमच्या फाइलची वाट पाहत बसत नाही, तो दुसरा इन्स्टॉलर आणतो. परवान्यावर छापलेली शेवटची तारीख ट्रकच्या डॅशबोर्डवर चिकटवा आणि तिच्या शेजारी, ठळक अक्षरांत, अर्जाची दोन महिने आधीची तारीख लिहा.