तात्कालिक रचनेची संहिता : बतावणी, सवाल-जबाब आणि मुक्त रॅप

तमाशाच्या अभ्यासात ‘वगाची संहिता’ हा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, त्यातील अडचण सहसा जाणवत नाही. पारंपरिक वगात कथानकाचा सांगाडा आणि पदे ठरलेली असत. संवाद नट बोर्डावर उभे राहून रचत. या कृतीला फडातील कलावंत ‘संपादणी’ म्हणतात. बतावणीला तर सलग कथानकाचाही आधार नसे. सरदार आणि सोंगाड्या यांची प्रश्नोत्तरे त्या गावची यात्रा, तिथला पाटील, बाजारभाव यांना धरून वाढत जात. अशा रचनेचे जे लिखित रूप हाती येते, ते एका रात्रीच्या खेळाचे अवशेष होत. अभ्यासक मात्र त्यांनाच मूळ कृती समजून वाचतो आणि ‘पुनरुक्ती फार’, ‘विनोद पातळ’ असे शेरे नोंदवतो.

मौखिक रचनेच्या चर्चेत मिलमन पॅरी व अल्बर्ट लॉर्ड यांचा आधार घेण्याचा प्रघात आहे. १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील वीरकाव्य-गायकांच्या ध्वनिमुद्रणांवरून सुरू झालेला हा विचार लॉर्ड यांनी ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) या ग्रंथात मांडला. गायक पाठ केलेले काव्य म्हणत नाही. ठरीव पदबंध आणि प्रसंग यांच्या साठ्यातून तो गाता गाताच रचतो, हे त्याचे सार. बतावणीला हा सिद्धांत अर्धाच लागू पडतो. साठा तिथेही आहेच. परंतु वीरकाव्याचा विषय परंपरेतून येतो, आणि श्रोत्याच्या उत्साहानुसार गाणे लांबते किंवा आखडते एवढेच. बतावणीत विषयाचे निमित्तच पुष्कळदा समोर बसलेल्यांकडून येते.

या निमित्ताचे महत्त्व एका दूरच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होते. अँथनी व्हेनेझिएल, थॉमस केल आणि लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रीस्टाइल लव्ह सुप्रीम’ हा संच उभा केला. २०१९ साली तो ब्रॉडवेवरील बूथ थिएटरात पोहोचला. तात्कालिक विनोद आणि मुक्त रॅप यांची तिथे सांगड घातलेली आहे. प्रेक्षक शब्द सुचवतात, त्यांवर रचना होते. एखाद्या प्रेक्षकाला त्याचा दिवस कसा गेला ते विचारून तोच दिवस रॅपमधून व अभिनयातून उभा केला जातो. प्रेक्षकाने दिलेला शब्द इथे पुराव्याचे काम करतो. रचना आधी बेतलेली नाही, याचा साक्षीदार तो स्वतः असतो आणि त्याच्या हसण्यात या साक्षीचा वाटा मोठा असतो.

विचार करायला वेळ कुठून मिळतो, हा अशा रचनेतील खरा व्यावहारिक प्रश्न. शाहिराची ओळ झीलकरी उचलून धरतात, तेवढ्या दोन-चार क्षणांत पुढची ओळ जुळते. रॅपमध्ये साथीदार शेवटचे शब्द घोळवतो, तोंडाने ताल धरणारा एखादे आवर्तन अधिक देतो. बतावणीत सरदाराचा ‘म्हणजे काय रे?’ हा प्रश्न हेच काम करतो. छापील पानावर जी पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते, ती प्रयोगात रचनेची यंत्रणा असते.

यमकाची गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी नाही. मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपते. ‘-ला’, ‘-ली’, ‘-तो’ यांमुळे यमक जवळजवळ फुकट मिळते. इंग्रजीत ही सोय नाही. म्हणून रॅपकार अर्धयमकांचा आणि अनेकाक्षरी यमकांचा आश्रय घेतो. शेवटचा शब्द आधी ठरवून ओळ त्याच्याकडे वळवणे हे त्याचे कौशल्य. आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या झगड्यात कसोटी यमकापेक्षा अर्थाची असते. तुरेवाले शिवाचे आणि कलगीवाले शक्तीचे श्रेष्ठत्व मांडतात. भेदिकातला कूटप्रश्न सोडवून, चाल राखून, उलट सवाल टाकायचा असतो. अर्थात यातील कितीतरी उत्तरे गुरूंकडून मिळालेल्या बाडांत आधीच असत. ‘उत्स्फूर्त’ या शब्दाने भारावून जाणाऱ्यांनी हे विसरू नये.

विनोदाच्या पद्धतीतही एक भेद दिसतो. शिकागोत १९५० च्या दशकापासून विकसित झालेल्या तात्कालिक नाट्यात, जोडीदाराने सांगितलेले मान्य करून त्यात भर घालावी, असा दंडक आहे. सोंगाड्या वरकरणी नेमके उलटे करतो. तो शब्द चुकीचा ऐकतो, लाक्षणिक अर्थाऐवजी वाच्यार्थ धरून बसतो, सरदाराचा अधिकारच नाकारतो. तरीही संवाद तुटत नाही, कारण प्रत्येक नकार सरदाराला नवा प्रश्न पुरवतो. या नकारामागे गावगाड्यातील उतरंड आहे; खालच्या जागेवरून वरच्याला दिलेले ते उत्तर आहे. समान पातळीवरील नटांसाठी घडलेला शिकागोचा नियम बतावणीला जसाच्या तसा लावणे त्यामुळे योग्य ठरणार नाही.

लिखित शब्दाचे प्रामाण्य केवळ विद्यापीठापुरते नाही. महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे देण्याचा नियम आहे. २०१६ साली अमोल पालेकर यांनी या पूर्वपरीक्षणाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्या रात्रीच जन्मणाऱ्या वाक्याची संहिता आधी द्यायची कशी, हा प्रश्न संपादणीच्या संदर्भात अगदी शब्दशः उभा राहतो. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके चालू घडामोडींवर जी भर घालत, ती छापील नाटकात शोधून सापडणार नाही. ‘सवाल माझा ऐका’ (१९६४) सारख्या चित्रपटांनी तर गीतकाराने आधी लिहिलेला, चाल बांधलेला सवाल-जबाब शहरी रसिकांच्या मनात पक्का केला. त्यात कोणी अडखळत नाही आणि हरायचे कोणी, हेही पटकथेत ठरलेले असते.

क्षेत्रीय संकलन करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच संवादांबरोबर निमित्तही टिपावे: कोणता शब्द कोणाकडून आला, झील कितीदा फिरली, हशा कुठे आला, कोणती ओळ फसली. त्याच फडाचा दुसऱ्या गावचा खेळही त्याने ऐकावा. साठ्यातले काय आणि त्या रात्रीचे काय, हे दोन नोंदी शेजारी ठेवल्यावरच दिसू लागते.