समुद्रतळीचा पाटा आणि आपला वारसा

पाण्याखाली सापडलेली जुनी वस्तू आपोआप सांस्कृतिक वारसा ठरत नाही. तिला ते मोल कसे येते, हे श्रीलंकेतील गोडवाया या एकाच उदाहरणावरून आम्ही विद्यार्थी मित्रांपुढे मांडू इच्छितो.

गोडवाया हे दक्षिण श्रीलंकेच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचे गाव. तेथील प्राचीन विहाराच्या खडकावर ब्राह्मी शिलालेख आहे. गामणी अभय राजाने गोडपवत बंदराची जकात विहाराला दान दिली, असे त्यात कोरले आहे. हा लेख इ. स. च्या दुसऱ्या शतकातील मानतात. म्हणजे बंदरातल्या व्यापारावर भिक्खुसंघाचा चरितार्थ चालत होता. परंतु तेथे कोणता माल येत असे, हे त्या लेखावरून कळत नाही.

२००३ साली स्थानिक मच्छीमारांना बुडी मारताना तेथील समुद्रात एक दगडी पाटा मिळाला. त्यावर नंदिपद, श्रीवत्स आणि मासा ही चिन्हे होती. ही चिन्हे केवळ बौद्धांची नव्हेत. त्या काळी ती सर्वत्र मंगल मानली जात. पुढे पुरातत्त्वज्ञांनी सुमारे ३० मीटर खोलीवर शोध घेतला, तेव्हा काचेचे गोळे, गंजून एकजीव झालेले लोखंड, मातीची भांडी आणि जहाजाचे लाकूड आढळले. हे जहाज इ. स. पू. दुसरे ते इ. स. चे पहिले शतक या काळातील ठरले. हिंदी महासागरात सापडलेल्या अतिप्राचीन जहाजांत त्याची गणना होते. शिलालेखाच्याही आधी या किनाऱ्यावर कच्च्या मालाचा व्यापार चालत होता, याचा हा पुरावा होय.

तो पाटा गुपचूप विकला गेला असता, तर एखाद्याच्या दिवाणखान्यात शोभेची वस्तू होऊन राहिला असता. तो कोठे व कशाच्या शेजारी होता हे कळले, म्हणूनच तो इतिहास झाला. युनेस्कोच्या २००१ च्या करारामागे हीच दृष्टी आहे. किमान १०० वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांना तो वारसा मानतो, ते जागीच जतन करण्यास प्राधान्य देतो आणि त्यांचा बाजार करण्यास मनाई करतो.

आपल्या कान्हेरीच्या लेण्यांतही सोपारा व कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कोरलेली आहेत. त्यांची गलबते आजही कोकणच्या समुद्रात कोठेतरी निजलेली असतील. उद्या कोणाच्या जाळ्यात असा दगड आला, तर त्याची किंमत विचारण्याआधी जागेची नोंद करावी आणि पुरातत्त्व विभागाला कळवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.