कागद जपा, कागद वाचणारी माणसंही जपा

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिताना आपण म्हणतो, "लिहिलं ते राहिलं." पण लिहिलेलं खरंच राहतं का? या वेळच्या पाठात अमेरिकेतल्या चेरोकी या आदिवासी समाजाची गोष्ट बघू. त्यांनी कागद पुष्कळ जपले. पण नुसता कागद जपून भागत नाही, हेही त्यांच्याकडूनच शिकायला मिळतं.

दोनशे वर्षांपूर्वी चेरोकी भाषेला लिपी नव्हती. सिकोया नावाचा एक चेरोकी माणूस चांदीचे दागिने घडवायचा. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरी अनेक वर्षं खपून १८२१ च्या सुमारास त्याने आपल्या भाषेसाठी ८५ च्या आसपास अक्षरं तयार केली. आपल्या 'क', 'कि', 'कु' सारखा एक उच्चार म्हणजे एक अक्षर. ही लिपी सगळ्यांत आधी शिकली ती त्याची लहानगी लेक अयोका. थोड्याच वर्षांत घरोघरी लोक लिहू-वाचू लागले, आणि १८२८ मध्ये त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्रही निघालं.

पण पुढे संकट आलं. १८३० मध्ये अमेरिकी सरकारने कायदा केला आणि १८३८-३९ मध्ये सैन्य लावून सुमारे १६ हजार चेरोकींना त्यांच्या डोंगराळ मुलखातून पश्चिमेला हाकललं. वाटेत आणि छावण्यांत अंदाजे चार हजार माणसं गेली. थोडे लोक डोंगरात मागे राहिले. आज हा समाज मुख्यतः ओक्लाहोमा आणि नॉर्थ कॅरोलिना या दोन राज्यांत आहे.

एवढं होऊनही त्यांनी लिहिणं सोडलं नाही. पत्रं, हिशेब, सभांच्या नोंदी, झाडपाल्याची औषधं, उपचाराचे मंत्र, सगळं हाताने लिहून ठेवलं. १८८७ मध्ये एक अभ्यासक नॉर्थ कॅरोलिनात गेला, तेव्हा अयुनिनी नावाच्या वैदूकडे त्याला अशीच एक वही मिळाली. पानं सुमारे २४०, आणि त्यांतली निम्मी भरलेली. आज ती अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहात आहे.

वही आहे, वाचणारे कमी झाले

अशी हजारो पानं आज संग्रहालयांत आणि घरांत आहेत. अडचण वेगळीच आहे. ही भाषा लहानपणापासून बोलणारे आता जेमतेम दोन हजारांच्या घरात उरलेत, आणि त्यांतले बहुतेक वयस्कर आहेत. म्हणून २०१९ मध्ये चेरोकींच्या तिन्ही शासनांनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. आता एका विद्यापीठाच्या उपक्रमात जुन्या पानांचे फोटो समोर ठेवून जाणती माणसं आणि शिकणारी मुलं एकत्र बसतात. एकेक शब्द वाचतात, त्याचा उच्चार आणि अर्थ लिहून ठेवतात.

घरच्या नोंदींना तर फारच किंमत आहे. ओक्लाहोमातल्या चेरोकी राष्ट्राचं नागरिकत्व हवं असेल, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारी यादीतला आपला पूर्वज दाखवावा लागतो. तिथपासून आपल्यापर्यंत प्रत्येक पिढीचा पुरावा जोडावा लागतो. मधली एक कडी तुटली की सगळं अडतं.

आपल्याला हे नवीन नाही. जात पडताळणीला आणि वारस नोंदीला आपणही असेच जुने कागद शोधतो. कित्येक घरांत मोडीतले कागद आहेत आणि घरात कुणालाच ते वाचता येत नाहीत. त्यात बाईचं नाव तर दोनदा हरवतं. माहेरी एक, सासरी दुसरं. दोन्ही नावं एकाच बाईची, हे कुठे लिहिलेलंच नसतं.

आपण काय करायचं?

१. कागदाची घडी उलगडून तो सपाट ठेवा. टाचणी, स्टेपलची पिन, रबर काढून टाका. पिन गंजते, रबर चिकटतं.

२. जुना कागद लॅमिनेट करू नका, फाटला तर चिकटपट्टीही लावू नका. नंतर ती निघत नाही आणि कागदच खराब होतो.

३. कोरड्या हातांनी धरा. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून पेटीत ठेवा. पेटी जमिनीपासून उंच, ओल आणि चूल यांपासून लांब असावी. पावसाळ्यानंतर एकदा उघडून वाळवी, कसर लागली का बघा.

४. दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश न लावता दोन्ही बाजूंचे फोटो काढा. ते दोन ठिकाणी ठेवा. मोबाईल बिघडला तर फोटोही जातात.

५. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा: कागद कशाचा, कुणाचा, कोणत्या सालचा. बाईचं माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही लिहा.

६. घरातल्या आजी-आजोबांना कागद दाखवा. ते जे सांगतील ते त्यांच्या परवानगीने मोबाईलवर रेकॉर्ड करा. मोडी असेल तर जाणकाराला फोटो दाखवा, मूळ कागद हातातून सोडू नका.

एक खबरदारी घ्या. वैदूंचे मंत्र सगळ्यांनी वाचायचे नसतात, असं अनेक चेरोकी मानतात, म्हणून काही कागद सर्वांसाठी खुले ठेवत नाहीत. आपणही जमिनीचे, बँकेचे कागद व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. जपणं वेगळं, वाटणं वेगळं.

या महिन्याचं काम: प्रत्येक ताईने घरातला एक जुना कागद निवडावा आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला त्याबद्दल तीन प्रश्न विचारावेत: हा कुणाचा, कधीचा, कशासाठी केला? उत्तरं चिठ्ठीवर लिहून पुढच्या बैठकीत वाचून दाखवावीत. सचिव ताईंनी गटाची पहिली इतिवृत्त वहीही बाहेर काढावी. सुरुवातीच्या सभासदांची पूरी नावं त्यात आहेत का ते बघा. नसतील तर त्या बायका आहेत तोवरच विचारून लिहून घ्या.